सुशीला तर्री नसते

हॉटेल उतरणीला लागलंय हे मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. सगळ्यात आधी कळतं ते मेनूकार्डाला. चांगले दिवस असतात तेव्हा कार्ड एका पानाचं असतं आणि त्यातले निम्मे पदार्थ संपलेले असतात. ‘संपलं’ हे वेटर ज्या तोऱ्यात सांगतो त्यावरून हॉटेलची तब्येत ओळखावी. मग गिऱ्हाईक आटतं आणि कार्ड फुगायला लागतं. पाठीमागे एक पान, मध्ये एक पान, ‘शेफ्स स्पेशल’चं वेगळं चिटोरं, असं करता करता त्याची रेक्झिनच्या कव्हराची फाइल होते. त्यातलं काहीही मागा, उत्तर एकच येतं: ‘मिळेल, सर.’ जिथे सगळं मिळतं तिथे जेवायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बायको, लेक आणि मेहुणा हे तिघं गाडीत असले की माझ्या स्पष्ट मतांना कोणी विचारत नाही. मी फक्त गाडी चालवतो.

तर हे हॉटेल सुशीचं. नाव सांगत नाही, कारण ते अजून चालू आहे आणि ‘फीडबॅक’च्या निमित्ताने माझा मोबाइल नंबर त्यांच्याकडे आहे. पुण्यात ज्या भागात गल्लीला लेन म्हणतात आणि लेनला नाव नसून नंबर असतो, त्या भागात ते आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी शनिवारी संध्याकाळी तिथे जागा मिळवायला ओळख लागायची. दारात एक मुलगी पॅड घेऊन उभी असे. ती आपलं आडनाव लिहून घेऊन ‘फॉर्टी मिनिट्स’ म्हणे आणि आपण ‘फक्त?’ म्हणून तिचेच आभार मानत असू. रांगेतली माणसं बोटांत दोन बॉलपेनं धरून चॉपस्टिक्सचा सराव करत. नंबर लागून आत पाऊल टाकलं की काउंटरमागचे आचारी, वेटर, भांडी घासणारा पोरगा, सगळे एकदम ओरडत: ‘इराश्शाइमासे!’ जपानी हॉटेलात गिऱ्हाइकाचं स्वागत असंच करायची रीत आहे. एकदा आमच्या पुढे एक आजोबा होते. ते दचकले, सावरले आणि सगळ्यांकडे बघून ‘तुम्हालाही, तुम्हालाही’ म्हणत आत गेले.

शिवाय आत जपानी माणसं असत, ही सगळ्यात मोठी जाहिरात होती. चाकण, रांजणगाव, तळेगाव या बाजूच्या कारखान्यांत जपानी साहेब बरेच. त्यांतले चार-सहा जण कोपऱ्यातल्या टेबलावर टाय सैल करून बसलेले दिसले की रांगेतला नवरा बायकोला कोपराने ढोसून सांगे, ‘बघ, ते स्वतः येतात इथे.’ उडप्याच्या हॉटेलात कोणी उडुपीचा माणूस जेवतोय का हे आपण कधी पाहिलेलं नाही, पण सुशीच्या बाबतीत असा दाखला लागतो. पुण्याला तसंही जपानचं वेड जुनं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकलेले कितीतरी जण दुभाषाचं काम करून फ्लॅटचे हप्ते फेडताहेत. सिंहगड रस्त्यावरची बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतली आणि तिला आम्ही पु. ल. देशपांड्यांचं नाव दिलं. अशा गावात सुशी चालणार नाही तर काय होणार?

ऐन भरात असताना मालकाने पट्टा बसवला. टेबलांच्या कडेकडेने फिरणारा पट्टा आणि त्यावर झाकण घातलेल्या बशा. ही युक्ती मूळची ओसाकाजवळच्या योशिआकी शिराइशी नावाच्या हॉटेलवाल्याची. त्याला माणसं पुरत नव्हती. बिअरच्या कारखान्यात बाटल्या पट्ट्यावरून सरकताना पाहून त्याला कल्पना सुचली आणि १९५८ साली त्याने स्वतःच्या हॉटेलात सुशी पट्ट्यावर सोडली. आमच्याकडे पट्टा नवा होता तेव्हाचं एक दृश्य मी विसरलेलो नाही. एका काकूंनी समोरून जाणारी बशी उचलली, झाकण काढलं, वास घेतला आणि झाकण लावून परत ठेवून दिली. पुढच्या चार टेबलांनीही तीच तपासणी करून ती बशी सन्मानाने पुढे पाठवली. ती कोणी खाल्ली का, हे मला कळलं नाही, कारण तोवर आमचं बिल आलं होतं.

मग काय झालं? जे सगळ्यांचं होतं तेच. शाखा निघाली. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीला लोक पुणेरी माज म्हणतात. मला ती डॉक्टरने लिहून दिलेलं पथ्य वाटते. शाखा निघाली की चांगला आचारी तिकडे जातो आणि तिकडून दुबईला जातो. इकडे उरतो त्याचा मदतनीस. त्यालाही समोरचा हॉटेलवाला पगार वाढवून नेतो. त्याच्यानंतर येतो तो व्हिडिओ पाहून शिकलेला असतो. भाडं मात्र दर वर्षी नेमाने वाढतं. कापडी नॅपकिन जाऊन जाड टिश्यू येतो, जाड जाऊन पातळ येतो आणि शेवटी तो इतका पातळ होतो की ओठ पुसले तर ओठांवरच राहतो. या सगळ्यात जपानी साहेब कधी यायचे थांबले हे कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे जेवण बिघडलं तर मालकाला टेबलापाशी बोलावून सुनवायची पद्धत आहे, त्यात मालकाचं भलंच असतं. जपानी माणूस बिल देतो, कमरेतून वाकतो आणि पुन्हा येत नाही.

आम्हीही गेलो नसतो. पण लेक जपानी भाषेची एन-थ्री परीक्षा पास झाली. पहिली सुशी तिने शाळेत असताना इथेच खाल्ली होती, तेव्हा पार्टीही इथेच हवी होती. आणि नेमका माझा मेहुणा रत्नागिरीहून आलेला. त्याचा बर्फाचा धंदा आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी लागतात त्यांना तो बर्फ पुरवतो. त्यामुळे मासा किती दिवस बर्फात होता हे तो माशाच्या तोंडाकडे बघून सांगतो. ‘बर्फ माझाच असतो ना,’ एवढंच त्याचं स्पष्टीकरण. अशा माणसाला सुशी खायला न्यावं का, असं मी बायकोला हळूच विचारलं. ती म्हणाली, ‘त्याला काय होतंय? लहानपणी कोळंबी सोलता सोलता कच्ची तोंडात टाकायचा.’ मेहुण्याने मागच्या सीटवरून याचा ठाम इन्कार केला, पण तोवर गाडी संगम पुलावर होती.

दारात मुलगी नव्हती. पॅड होतं, खिळ्याला टांगलेलं. त्यावर शेवटचं नाव कोणा कुलकर्ण्यांचं, पुढे ‘६ जण’ आणि तारीख मागच्या दिवाळीची. कुलकर्णी मंडळींचा नंबर लागला असावा अशी आशा करू या. ज्या बाकांवर आम्ही ताटकळायचो तिथे आता डिलिव्हरीची पोरं मांडीवर हेल्मेट घेऊन बसली होती. आत शिरलो तर कोणी ओरडलं नाही. काउंटरमागचा एक जण मोबाइलमधून मान न काढता पुटपुटला, त्यातलं फक्त ‘...मासे’ एवढं आमच्यापर्यंत पोचलं.

‘बरं आहे,’ मेहुणा म्हणाला. ‘मासे आहेत हे आधीच सांगतात.’

पट्टा होता, पण बंद. त्यावर मनी प्लांटच्या कुंड्या, सॅनिटायझरची बाटली आणि चार्जिंगला लावलेले दोन मोबाइल. तोक्योच्या गिंझा भागात जिरो ओनो या म्हाताऱ्या उस्तादाचं जगप्रसिद्ध सुशीचं हॉटेल आहे. ते २०१९ साली मिशलिनच्या यादीतून गेलं, पण चव उतरली म्हणून नव्हे. सर्वसामान्य माणसाला तिथे जागाच राखता येत नाही, म्हणून. आमच्या हॉटेलात हा दोष काढायला जागा नव्हती. बाकी जागाच जागा होती. एका टेबलावर एक जोडपं बसलं होतं आणि तेही भांडण मिटवायला शांत जागा हवी म्हणून आलेलं दिसत होतं.

फाइल आली. पनीर टिक्का सुशी, शेजवान मेयो माकी, चीज कॉर्न रोल, जैन ड्रॅगन रोल. या ड्रॅगनने कांदा-लसूण सोडलं होतं. त्यापुढे थाई करी, कोरियन रामेन, मोमो आणि डिमसम वेगवेगळ्या पानांवर, पिझ्झा. शेवटच्या पानावर ‘फ्रॉम द तंदूर’. लेकीने एन-थ्रीच्या अधिकाराने नाक मुरडलं. माझा पनीर टिक्क्यावर तत्त्वाचा आक्षेप नाही. ज्या कॅलिफोर्निया रोलला आपण आज जुनीजाणती सुशी समजतो, तोही जपानबाहेर अमेरिकेकडे जन्मलेला. तिथल्या लोकांना समुद्री शेवाळाचा काळा पापुद्रा बघवेना, म्हणून तो आत लपवला आणि भात बाहेर काढला. पदार्थ परगावी गेला की तिथलं पाणी पितोच. पनीर टिक्का सुशी चांगली केली तर मी खाईन. प्रश्न ‘चांगली केली तर’ एवढाच आहे.

वेटर पोरगा गोड होता. काळं जाकीट, कपाळाला लाल सूर्याची पट्टी आणि पट्टीखाली अस्सल मराठवाडी चेहरा. आमचं बोलणं ऐकून तो इंग्रजीतून सरळ मराठीत आला. ‘मी उदगीरचा हाय, सर,’ म्हणाला. ‘पहिल्यांदा इथं लागलो तवा आईला फोनवर सांगितलं, इथं सुशी बनवतेत. आई म्हणली, सुशीला व्हय? मग त्यात शिकायचं काय, चुरमुरे भिजवायचे न् फोडणी द्यायची.’ मराठवाड्यात सुशीला नाष्ट्याला करतात, आणि त्या माउलीचं म्हणणं मला अजूनही बिनतोड वाटतं. आम्ही एक मोठी बोट मागवली. बोट म्हणजे लाकडी नावेत मांडलेली मिश्र सुशी.

मग आम्ही बसून राहिलो. सुशी ही खरं तर घाईची वस्तू. माशाचा तुकडा भाताच्या मुठीवर दाबून लगेच हातात द्यायचा, या निगिरी पद्धतीचं श्रेय हानाया योहेई नावाच्या माणसाला देतात. १८२०च्या दशकात, तेव्हाच्या एदो आणि आताच्या तोक्यो शहरात तो हे विकत असे. लोकांनी उभ्या उभ्या हाताने खायचं आणि कामाला लागायचं. त्याच्या आधीची सुशी मात्र सबुरीची होती. मासा मीठ लावून भातात कित्येक महिने दाबून ठेवायचा, मग मासा खायचा आणि आंबलेला भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराच्या काठी अजूनही अशी सुशी करतात. पाऊण तास झाला तेव्हा मला शंका आली की हे लोक मूळ परंपरेकडे वळले असावेत. मधल्या काळात स्वयंपाकघरातून पिशव्या मात्र भराभरा बाहेर पडत होत्या. हॉटेल आता त्या हेल्मेटवाल्या पोरांचं आहे, आपण टेबलावर बसून त्यांच्या कामात अडथळा आणतो, हे हळूहळू लक्षात येतं.

शेवटी बोट लागली. मेहुण्याने सवयीने आधी बोट पाहिली, मग माल. ‘डोलकाठी मोडलीय,’ म्हणाला. खरंच मोडली होती. फेव्हिक्विकने चिकटवली होती आणि जोडावर पांढरी साय धरली होती. सुशीच्या दोन रांगांमध्ये हिरव्या प्लास्टिकचं कातरलेलं गवत होतं. ते शोभेचं नव्हे. जपानात पूर्वी दोन पदार्थांच्या मध्ये खरं पान घालत, एकाचा वास दुसऱ्याला लागू नये म्हणून. पुढे पानाचं प्लास्टिक झालं. इथल्या गवताची टोकं वापरून वापरून वळली होती आणि एका खाचेत भाताचं एक शीत अडकलं होतं. मेहुण्याने चॉपस्टिकने ते टोकरलं. शीत पारदर्शक आणि टणक झालं होतं, नख आपटल्यासारखा आवाज करून बशीत पडलं. ‘हे आपलं नाही,’ बायको म्हणाली. कोणाचं असेल यावर आम्ही बोललो नाही. मला उगाच ते कुलकर्णी आठवले.

मेहुण्याने एक निगिरी चॉपस्टिकमध्ये पकडून भाचीला द्यायला हात पुढे केला आणि तिनेही आपल्या चॉपस्टिक्स पुढे केल्या. मग एकदम किंचाळून मागे घेतल्या. ‘मामा! असं चॉपस्टिकमधून चॉपस्टिकमध्ये द्यायचं नसतं. अंत्यविधीनंतर अस्थी तशा देतात.’

‘म्हणजे सावडायला गेल्यावर?’

‘हो.’

मेहुण्याने निगिरीकडे पाहिलं. ‘मग बरोबरच केलं मी,’ म्हणाला.

त्याने त्या निगिरीवरच्या सॅमनला करंगळीने हलकेच दाबलं. खड्डा पडला. ताजा मासा दाबला तर पुन्हा वर येतो, हे मासळी बाजारात गेलेल्या कोणालाही ठाऊक असतं. आम्ही चौघं वाकून वाट पाहत राहिलो. खड्डा भरला नाही. लेकीने हॉटेलची बाजू घेतली: जपानात चांगला ट्यूना मुद्दाम काही दिवस मुरवतात, त्याने चव वाढते. हे खरंच आहे. मेहुणा म्हणाला, ‘मुरवलेला वेगळा, बाळा, आणि विसरलेला वेगळा.’

ट्यूना म्हणजे आपला कुपा, हे कळल्यावर तर तो दुखावलाच. कोकणात कुप्याला पापलेट-सुरमईचा मान नाही. मग लेकीने त्याला तोक्योच्या तोयोसू बाजारातला लिलाव सांगितला. जानेवारी २०१९ मध्ये तिथे २७८ किलोचा एक ब्लूफिन ट्यूना तेहतीस कोटी छत्तीस लाख येनला गेला, म्हणजे वीस कोटी रुपयांच्याही वर.

‘कुप्याला?’

‘ती जात वेगळी असते, मामा.’

‘असूदे वेगळी. कुपा तो कुपाच.’ नंतर बराच वेळ तो गप्प होता. त्याचे ओठ मात्र हलत होते. मिरकरवाड्यात आजवर किती कोटींचा कुपा आपण स्वस्तात जाऊ दिला, त्याचा हिशेब चालला असावा.

सॅमनची गोष्ट ऐकून त्याला जरा बरं वाटलं. जपानी लोक पूर्वी सॅमन कच्चा खातच नसत, त्यात जंत सापडायचे म्हणून. नॉर्वेकडे समुद्रात पाळलेला सॅमन ढिगाने झाला, तेव्हा १९८०च्या दशकात त्यांनी जपानात जाऊन चिकाटीने गळी उतरवला, की आमचा मासा कच्चा खाऊन बघा. आज सुशी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो केशरी तुकडा ही नॉर्वेवाल्यांची करामत. ‘म्हणजे जपान्यांनाही कोणीतरी टोपी घातली,’ असं म्हणून त्याने समाधानाने पुढचा तुकडा उचलला.

पुढचा होता क्रॅब रोल. त्याने तो उलगडला, आतली लाल-पांढरी कांडी बाहेर काढली आणि तिचे दोरे सुटे केले. ‘कुर्ली ही?’ असं त्याने कोणाला तरी विचारलं, बहुधा देवाला. ही कांडी खेकड्याची नसते हे आता सगळ्यांना माहीत आहे, फक्त मेनूकार्डांना नाही. पांढऱ्या माशाचं मांस धुऊन, कुटून त्याचा लगदा करतात. त्याला सुरिमी म्हणतात. त्यात पिष्ट, चव आणि बाहेरून लाल रंग घातला की कांडी तयार. गंमत अशी की रत्नागिरीतही सुरिमी होते आणि ती आपल्या राणी माशाची. तिथून ती परदेशी जाते, जपानलाही जाते. राणी माशाची एक जात तर शास्त्रीय नावानेच ‘जापोनिकस’ आहे. हे कळल्यावर मेहुण्याने ती कांडी उजेडात धरली आणि तिच्याकडे पाहण्याची त्याची नजर बदलली. गावचं माणूस परमुलखात भलत्याच नावाने नोकरी करताना भेटावं, तसं काहीसं झालं असावं. बोटीतली तेवढी एक वस्तू त्याने तक्रार न करता खाल्ली.

वसाबीचा केकवर असतो तसा गुलाब काढला होता. खरा वसाबी म्हणजे थंड वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या झाडाचं खोड. ते खायच्या वेळी किसतात, कारण त्याची झणक थोड्याच वेळात उडून जाते. ते महाग पडतं, म्हणून जगात बहुतेक ठिकाणी वसाबी म्हणून जे मिळतं ते हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. बायकोने काडीच्या टोकावर घेऊन चाखला आणि म्हणाली, ‘मोहरी आहे. पण फेसलेली नाही.’ निदान अचूक होतं. फेसलेली मोहरी नाकातून थेट मेंदूत जाते, आणि वसाबीतही नाकात जाणारं द्रव्य तेच असतं. इथे ते कुठेच गेलं नाही. आम्ही हे बोलत असतानाच मेहुण्याने अख्खा गुलाब उचलून तोंडात टाकला. लेक ओरडली, मी पाण्याचा ग्लास पुढे केला, उदगीरचा पोरगा धावत आला. मेहुणा शांतपणे चावत होता. ‘गोड आहे,’ म्हणाला.

हे सगळं मी सोसलं असतं. गाडी अडली ती भातापाशी. सुशी म्हणजे मासा असं आपल्याला वाटतं, पण करणारे उस्ताद म्हणतात की सुशी म्हणजे भात. आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ, शिजल्यावर त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ. लाकडी परातीत तो हलक्या हाताने कालवतात आणि तेव्हाच पंख्याने वारा घालतात, म्हणजे दाण्याला चकाकी येते. खाताना तो अंगाच्या उबेइतका कोमट हवा, दाणे हातात एकत्र राहायला हवेत आणि तोंडात सुटायला हवेत. चांगल्या ठिकाणी शिकाऊ पोराला माशाला हात लावू देण्याआधी वर्षानुवर्षं भातापाशी उभं करतात. आमच्या बोटीतला भात फ्रिजमधून आला होता. दाताला थंड लागला, मग टचटचीत लागला. तोंडात दाणे सुटले खरे, पण रागावून सुटावेत तसे. फ्रिजमधला भात कडक होतो, हे सकाळी फोडणीचा भात करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. आंबेमोहराचा गुरगुट्या भात याच्यापेक्षा कितीतरी बरी सुशी झाला असता.

आणि इथे लपायला काहीच नसतं. मिसळीचं बघा. मटकी कालची असो, फरसाण सादळलेलं असो, वरून लालभडक तर्री पडली की सगळं पोटात घेतलं जातं. लिंबू पिळा, कांदा घाला, पाव बुडवा. कित्येक पडत्या हॉटेलांना तर्रीने वर्षानुवर्षं तारून नेलंय. सुशीला तर्री नसते. भात, मासा, चिमूटभर वसाबी, बस्स. त्यातलं एक बिघडलं तर दुसरं त्याच्यावर पांघरूण घालत नाही, उलट बोट दाखवतं. म्हणून मग हे लोक मेयोनेजची पिचकारी मारतात. आमच्या बोटीवर तिचे नागमोडी पट्टे होते. पण मेयोनेजमध्ये तर्रीची दानत नाही. ते झाकत नाही, फक्त वर बसून राहतं. टेबलावरचा उत्तम पदार्थ ठरलं ते आल्याचं गुलाबी लोणचं, जे दोन घासांच्या मध्ये जीभ स्वच्छ करायला देतात. आम्ही ते दुसऱ्यांदा मागवलं. पुसायला बरंच काही होतं.

बोटीत निम्मा माल तसाच राहिलेला पाहून उदगीरचा पोरगा टेबल पुसायच्या निमित्ताने वाकला आणि हळूच म्हणाला, ‘सर, मोठ्या भावासारखं सांगतो, सुशीच्या नादाला लागू नका. इथं शेजवान राइस लई भारी होतो.’ वयाने तो माझ्या लेकीपेक्षाही लहान असेल, पण आम्ही त्याचा मोठेपणा मान्य केला आणि दोन प्लेट मागवले.

आठ मिनिटांत आले. कढईतला धूर अंगावर घेऊन आलेले, दाणा दाणा मोकळा, लसणीचा खमंग वास, हवं तेवढंच तिखट. चौघं मान खाली घालून जेवलो. लेकीनेही एन-थ्री बाजूला ठेवून चमचा मागितला. मेहुण्याने कडेचा चिकटलेला भात खरवडताना विचारलं, ‘हा एवढा चांगला कसा काय होतो?’

‘कालचा भात असतो ना, मामा,’ पोरगा म्हणाला. ‘सुशीचा उरलेला. गार झालेला, कडक. ताज्याचा असा होत न्हाई, चिकटतो.’

म्हणजे सुशी जितकी कमी खपणार तितका शेजवान राइस चांगला होणार. हे गणित मालकाला अजून कळलेलं दिसत नाही, नाही तर त्याने मेनूकार्ड पुन्हा एका पानाचं केलं असतं.

बिल चार हजार आठशे साठ झालं. त्यात जास्तीच्या आल्याचे साठ धरलेत आणि वसाबीच्या गुलाबाला काही लावलेलं नाही, हेही सांगायला हवं. तुम्ही त्या बाजूला गेलात, बंद पट्ट्यावर मनी प्लांट दिसले आणि कपाळाला पट्टी बांधलेला उदगीरचा पोरगा भेटला, तर फाइल उघडूच नका. सरळ शेजवान राइस सांगा. भात कालचाच आहे ना, तेवढं मात्र आधी विचारून घ्या.